स्विफ्टला १६ इंची अलॉय: कुठला साइज बसतो, कुठला घासतो?

पेठकरी_०९
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, पत्र्याच्या डिस्क, कंपनीचे १६५/८० आर१४ टायर. टायर संपत आलेत, म्हणून अलॉयचंही आत्ताच उरकून घ्यायचं आहे. दुकानात दाखवलेला सेट असा: १६ बाय ७ जे, ईटी ३८, आठ भोकांची अलॉय, त्यावर २०५/५५ आर१६. "आरामात बसतंय, काही घासत नाही" असं सांगतायत. वापर कोल्हापुरात रोज शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव, अधूनमधून गगनबावड्यावरून खाली कोकणात, तेव्हा पाच माणसं आणि भरलेली डिकी. घ्यावा का हा सेट? नाही तर काय घ्यावं आणि का, ते आकड्यांसकट सांगा.

सरळ_रेष
दादा, दुकानदाराने व्यासाचा हिशोब केलाय आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. टायरवर आधी मिमीमधली रुंदी आणि मग तिची टक्केवारी लिहिलेली असते, ती टक्केवारी म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. ती दुप्पट करायची, रिमचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवायचे.

१६५/८० आर१४: १३२ दुणे २६४, अधिक ३५५.६, एकूण ६१९.६ मिमी.
२०५/५५ आर१६: ११२.७५ दुणे २२५.५, अधिक ४०६.४, एकूण ६३१.९ मिमी.

फरक १२.३ मिमी, म्हणजे २ टक्के. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा २ टक्के जोरात पळत असेल, किलोमीटर तेवढेच कमी मोजले जातील, आणि गाडी ६ मिमी उचलली जाईल. इथवर ठीक आहे. २ टक्क्यांच्या आत राहावं, ३ च्या पुढे जाऊच नये.

पण व्यास ही फक्त पहिली चाळणी. या सेटमध्ये खरी अडचण ७ जे (म्हणजे रिमची रुंदी ७ इंच) आणि ईटी ३८ मध्ये आहे, आणि ती दुकानात उभ्या गाडीवर दिसत नाही. ईटी म्हणजे रिमची हबला (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे तो आकडा. ईटी कमी झाला की चाक तेवढंच बाहेर सरकतं, वाढला की आत जातं. तुमच्या आत्ताच्या डिस्कवर मागच्या बाजूला रुंदी आणि ईटी कोरलेले असतात, एक चाक काढून आधी ते वाचा. उदाहरणापुरतं ५ जे आणि ईटी ४५ धरू.

टायर १६५ चा २०५ झाला, म्हणजे दोन्ही अंगांना २०-२० मिमी वाढला. ईटी ४५ चा ३८ झाला, म्हणजे मध्यरेषा ७ मिमी बाहेर गेली. बाहेरची कड २७ मिमी बाहेर, आतली कड १३ मिमी आत. रिमचं पाहिलं तर बाहेरची कडा ३२ मिमी बाहेर आणि आतली १८ मिमी आत येते.

२७ मिमी बाहेर आलेलं मागचं चाक एकट्या ड्रायव्हरला काहीच त्रास देत नाही. मागे तिघे बसले, डिकी भरली आणि घाटातल्या वळणावर गाडी एका अंगावर कलली की टायरचा खांदा फेंडरच्या आत वळवलेल्या पत्र्याला लागतो. तो पत्रा धारदार असतो. आधी रबराची बारीक साल निघते, मग कड कापत जाते. पुढच्या चाकाला आतून शॉकअपची नळी जवळ येते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) घासतं. शिवाय चाक बाहेर सरकल्यामुळे खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगला जास्त लागतो, बेअरिंगवरही ताण वाढतो. हा सेट नको.

गगनबावडा_लाईन
सहमत. आणि आपल्याकडच्या रस्त्यांच्या दृष्टीने साइडवॉलकडे बघा, माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. १६५/८० आर१४ ला १३२ मिमी रबर आहे. १८५/६५ आर१५ ला १२०, १९५/५५ आर१६ ला १०७, २०५/४५ आर१७ ला फक्त ९२. पावसाळ्यानंतर डांबर जिथे उखडतं तिथे खड्ड्याची कड काटकोनात उभी असते. चाक त्यावर वेगात आपटलं की साइडवॉल रिमची कडा आणि खड्डा यांच्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकायचाच. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागून जाताना तर खड्डा दिसायच्या आत चाक त्यात गेलेलं असतं. १७ इंचाचा विचार इथे करूच नका.

पेठकरी_०९
समजलं. मग १६ इंच पूर्णच सोडायचं, की १९५/५५ आर१६ चालेल? तो बलेनोला कंपनीतूनच येतो ना?

सरळ_रेष
हो, बलेनोच्या वरच्या व्हेरियंटला तोच येतो. व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे तुमच्या मूळ टायरपेक्षा जेमतेम १ मिमी जास्त. त्यासाठी रिम ६ जे घ्या, ईटी मूळ आकड्याच्या आसपास. वरचाच हिशोब लावला तर ईटी ४५ वर आत-बाहेर १५-१५ मिमी वाढ, ईटी ४० वर बाहेर २० आणि आत १०. पहिला पर्याय मला बरा वाटतो.

स्विफ्ट झेडएक्सआयला १८५/६५ आर१५ येतो, व्यास ६२१.५ मिमी. त्यात वाढ फक्त १०-१० मिमी. पाच माणसं, सामान, घाट, रोजचा रस्ता, हे सगळं पाहता माझं मत १५ इंचाला. टायर स्वस्त पडतो, कुठल्याही गावात मिळतो आणि साइडवॉल १२० मिमी राहते. १६ इंच दिसायला भारी, पण त्यातून मिळणारी पकड रोजच्या ५०-६० च्या वेगाला जाणवत नाही.

१५ इंचात कुणी १९५/६५ सुचवलं तर व्यास ६३४.५ होतो, २.४ टक्के जास्त. २०५/६५ आर१५ तर ६४७.५, साडेचार टक्के. "गाडी उंच होते" म्हणून हा साइज खपवला जातो. उंची वाढते १४ मिमी, आणि त्या बदल्यात पिकअप मरतो, घाटात एक गिअर खाली टाकावा लागतो.

उद्यमनगरचा_टर्नर
रिमच्या मधल्या भोकाबद्दल कुणी बोललं नाही अजून. तुम्हाला दाखवलेल्या आठ भोकांच्या अलॉय बहुतेक ४ बाय १०० आणि ४ बाय १०८ अशा दोन्ही पीसीडीच्या (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) असतात आणि मधलं भोक बहुधा ७३.१ मिमीचं असतं. स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा. मधे १९ मिमीची पोकळी राहते. मग चाक फक्त नटांच्या बैठकीवर मध्यात येतं. एअर गनने एक नट पूर्ण आवळला आणि मग दुसरा लावला तर चाक मध्यापासून किंचित सरकूनच बसतं, आणि हायवेला ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करतात, थरथर जात नाही, कारण दोष बॅलन्सिंगचा नसतोच.

उपाय म्हणजे हब रिंग, ७३.१ बाहेर आणि ५४.१ आत. प्लॅस्टिकच्या तयार मिळतात, त्या चालतात. भार नटांच्या दाबाने धरला जातो, रिंगचं काम फक्त चाक मध्यात आणण्याचं. उद्यमनगरात लेथवर अ‍ॅल्युमिनियमच्या बारमधून करून घेणार असाल तर आकडे कागदावर लिहून न्या. बाहेरचा व्यास ७३.०, आतला ५४.१५, दोन्ही कडांना १ मिमी चॅम्फर, म्हणजे तिरपी कड. जाडी ठरवण्याआधी हबच्या ओठाची उंची व्हर्नियरने मोजा, साधारण ८ मिमी रिंग पुरते. रिंग रिमच्या पाठीच्या बाहेर अर्धा मिमी जरी आली तरी चाक हबला सपाट टेकत नाही, रिंगवर तरंगतं, आणि नट नंतर ढिले पडतात. म्हणून बसवल्यावर पाठीवर फूटपट्टी आडवी धरून बघायचं, खालून उजेड दिसायला नको.

पावसात अ‍ॅल्युमिनियमची रिंग लोखंडी हबला घट्ट धरते. हबच्या ओठावर ग्रीसचा बारीक हात फिरवा. नटाच्या आट्यांवर मात्र ग्रीस नको, त्याने टॉर्कचा आकडा खोटा ठरतो आणि नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

लक्ष्मीपुरी_बॉय
पीसीडी घरच्या घरी कशी मोजायची? आणि माझी गाडी पुंटो आहे, तिला ४ बाय १०० ची अलॉय दोन मिमीच्या फरकाने बसेल का?

उद्यमनगरचा_टर्नर
चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे पीसीडी. पाच भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. ५८.८ आलं तर ५ बाय १००, ६७.२ आलं तर ५ बाय ११४.३.

पुंटोची पीसीडी ४ बाय ९८ आहे. ४ बाय १०० ची डिस्क तिच्यावर हाताने चढतेसुद्धा, म्हणूनच धोका. प्रत्येक बोल्ट १ मिमी तिरका खेचला जातो, बैठकीच्या एकाच अंगाला टेकतो. आवळल्यावर घट्ट वाटतो, पण चालत्या गाडीत वाकत-सुटत राहतो आणि मानेत तुटतो. अजिबात करू नका. फोर्डच्या ४ बाय १०८ बाबतही तेच, जुळती पीसीडीच हवी.

फौंड्रीवाला_शिरोली
नटाच्या बैठकीकडेही तेवढंच लक्ष द्या. बाहेरच्या अलॉयला बहुधा ६० अंशाची कोनाची बैठक असते. काही गाड्यांच्या कंपनीच्या चाकांना गोल बैठक असते, फोक्सवॅगन पोलोचे बोल्ट तसे. काहींना वॉशरवाला सपाट नट लागतो. गोल बोल्ट कोनाच्या भोकात टाकला तर तो एका बारीक वर्तुळावरच टेकतो, अ‍ॅल्युमिनियम तिथे दबत जातं आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये पकड ढिली होते. अलॉयसोबत तिच्या बैठकीचे नट घ्यायचे, आटे मात्र गाडीचे. मारुतीला १२ बाय १.२५, ह्युंदाई आणि होंडाला १२ बाय १.५, पोलोला १४ बाय १.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की स्टडचे आटे गेले.

नट किमान स्टडच्या व्यासाएवढा आत गेला पाहिजे. १२ बाय १.२५ ला हाताने फिरवताना दहा फेरे, १२ बाय १.५ ला आठ. कमी भरले तर ती अलॉय जाड पाठीची आहे, किंवा मधे कुणी स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घातलाय. ५ मिमीचा सैल स्पेसर घालून चाक "बाहेर काढून देतो" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्याने थेट चार आटे खाल्ले जातात.

आता धातूबद्दल. जुनी अलॉय स्वस्तात मिळते म्हणून बरेच जण घेतात. ओतीव अलॉयचा धातू बहुधा सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेला अ‍ॅल्युमिनियम असतो. ओतल्यावर त्याला ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवतात आणि पुन्हा दीडशेच्या वर अंशांना काही तास भाजतात. ताकद त्या भाजणीतून येते. चिरलेल्या रिमला आर्गॉन वेल्डिंग केलं की चिरेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो. रंग मारल्यावर काही दिसत नाही, पण पुढचा खड्डा त्याच पट्ट्यात नवी चीर पाडतो. बाहेरची कडा किंचित वाकलेली असेल तर सरळ करता येते. बॅरलवर (रिमचा टायरखालचा नळीसारखा भाग) किंवा स्पोकच्या मुळाशी वेल्डिंगची रेघ दिसली तर ती रिम घेऊ नका. आतला रंग ताजा आणि बाहेरचा जुना असेल तर टायर काढायला लावून आतून बघा.

नवी घेताना पाठीवर जेडब्ल्यूएल (जपानचं अलॉय चाकांचं मानक) सारखी खूण आणि वाहून नेण्याचा कमाल भार कोरलेला आहे का ते पाहा, आणि दुकानातच वजन करा. अलॉय म्हणजे हलकी असं नाही. १६ बाय ७ ची स्वस्तातली ओतीव रिम तुमच्या १४ इंची पत्र्याच्या डिस्कपेक्षा जड निघू शकते.

पेठकरी_०९
अलॉय चढवून बघताना नेमकं काय काय तपासू? दुकानात पाच मिनिटांत चाक लावून "बघा, बसलं की" म्हणतात.

सरळ_रेष
आधी टायर न चढवता एक रिम पुढच्या हबवर लावायला सांगा. एकदा टायर चढवला की दुकानदार माल परत घेत नाही. ब्रेक कॅलिपरच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागावर घट्ट मळलेल्या कणकेचा छोटा गोळा चिकटवा, दुसरा कॅलिपरच्या वरच्या अंगावर, बॅरलच्या बाजूला. रिम लावून सगळे नट हाताने बसवा, हलके आवळा, चाक हाताने दोन फेरे फिरवा, रिम काढा. कणीक दबून जेवढी उरली तेवढी खरी जागा. व्हर्नियरने मोजा, दोन्हीकडे ३ मिमी तरी हवी. त्याहून कमी असेल तर रिमचं डिझाइन बदला, स्पेसर नको. इंच तोच असला तरी स्पोकचं वळण वेगळं असतं, म्हणून हे प्रत्येक डिझाइनला करायचं.

मग टायर चढवून एक चाक पुढे, एक मागे. गाडी जमिनीवर टेकवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा, रिव्हर्समध्येही. पुढे आतून शॉकअपच्या नळीपाशी करंगळी जाईल एवढी जागा ठेवा. मागे खरी परीक्षा भार टाकल्यावर. मागे तिघांना बसवा, डिकीत सामान टाका आणि एका अंगाचं मागचं चाक फुटपाथच्या उतारावर तिरकं चढवा. फेंडरच्या घडीला आतून खडूची रेघ मारून ठेवली तर टायरवर खडू उतरतो की नाही ते लगेच कळतं.

बॅलन्सिंगला वजनं चिकटपट्टीची आणि आतल्या बाजूला. पत्र्याच्या डिस्कची हातोडीने ठोकायची वजनं अलॉयच्या कडेला मारू देऊ नका. नंतर अलाईनमेंट.

गगनबावडा_लाईन
टायरवरच्या शेवटच्या आकड्याकडे दुर्लक्ष होतं. १६५/८० आर१४ वर ८५ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. नवा आकडा त्याहून खाली नको. १८५/६५ आर१५ ला ८८, म्हणजे ५६० किलो. १९५/५५ आर१६ ला ८७, म्हणजे ५४५. दोन्ही चालतात. पुढचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत, एच म्हणजे २१०.

हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे, त्यात पाच माणसांच्या भाराचा आकडा वेगळा असतो तो घाटात जाताना पाळा. १९५/५५ ला स्टिकरपेक्षा एखादा पीएसआय जास्त ठेवला तर खड्ड्यात रिम वाचते. टायर घेताना आयएसआय खूण आणि तारखेचे चार आकडे बघा, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षभराहून जुना माल असेल तर दुसरा मागा.

कावळा_नाका
क्रेटाला २१५/६० आर१७ आहेत, १८ इंच टाकायचे तर?

सरळ_रेष
मूळ व्यास ६८९.८. २१५/५५ आर१८ चा ६९३.७, अर्धा टक्का जास्त. २२५/५५ आर१८ चा ७०४.७, २.२ टक्के, तो टाळा. पीसीडी ५ बाय ११४.३, हब ६७.१. साइडवॉल १२९ वरून ११८ वर येईल, फार वाईट नाही. टायरची किंमत विचारून मगच ठरवा.

पेठकरी_०९
कायद्याचं काय? आणि विमा?

फौंड्रीवाला_शिरोली
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते तो घेतला आणि चाक फेंडरच्या आत राहिलं तर वादाला जागा फार कमी उरते. स्विफ्टला १८५/६५ आर१५ घेण्याचं हेही एक कारण. विम्यात बाहेरची अलॉय अ‍ॅक्सेसरी म्हणून किंमतीसह नोंदवा, बिल जपून ठेवा. नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी बाहेरच्या अलॉयची भरपाई नाकारू शकते.

पेठकरी_०९
ठरलं. १८५/६५ आर१५, रिम १५ बाय ६ जे, ईटी मूळ डिस्कवरचा वाचून. आधी झेडएक्सआयची कंपनीची अलॉय मिळते का बघतो. स्टेपनी १४ इंचीच ठेवली तर चालेल?

सरळ_रेष
चालेल. व्यासात फरक फक्त २ मिमी आहे, एबीएसला तेवढ्याने काही होत नाही. पण स्टेपनी पत्र्याची आणि नट अलॉयचे, ही जोडी आधी घरी लावून बघा. बैठक वेगळी निघाली तर जुने चार नट पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा. मागच्या चाकाला पंक्चर झालं तर स्टेपनी मागेच. पुढच्याला झालं तरी शक्य असेल तर मागचं अलॉय पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा.

आणि आवळताना एअर गन फक्त नट टेकेपर्यंत. पुढे टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, आधी निम्म्या आकड्याला आणि मग पूर्ण. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, १२ मिमीच्या नटांना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकं गार असताना पुन्हा एकदा तपासा. नव्या अलॉयचा रंग बैठकीत दबतो आणि नट थोडा सैल होतो, म्हणून ही दुसरी फेरी चुकवू नका.